गॅस गेला, पण गेला कुठे?

साल १८९०, वैशाख. मुंबईहून आलेल्या मेलमधून तुम्ही नांदगावच्या फलाटावर पाय ठेवता आणि झळ थेट डोळ्यांत शिरते. मुंबईत निघताना सदरा अंगाला चिकटला होता. इथे घाम येतोय की नाही हेही कळत नाही, कारण आला तसा तो उडून जातो. स्टेशनाबाहेर टांगे उभे आहेत. औरंगाबादला रूळ पोचायला अजून दहा वर्षं आहेत, त्यामुळे वेरूळची लेणी पाहायला निघालेले साहेब, निजामाच्या मुलखात जाणारे व्यापारी, घृष्णेश्वराला निघालेली कुटुंबं, सगळे याच स्टेशनात उतरतात. पुढचा रस्ता घोड्यांचा.

तुम्हाला आधी पाणी हवं. फलाटाच्या टोकाला कडुलिंबाखाली रांजण मांडलेत, त्यांना ओली फडकी गुंडाळलेली. म्हातारा पाणीवाला ओगराळं बुडवतो. "घ्या दादा, पण दमानं. उन्हातून आलायसा." पहिल्या घोटाला दात शिवशिवतात.

आता रांजणाला तळहात लावून बघा. माती ओलसर लागते, पण थेंब धरत नाही. आतलं पाणी भाजलेल्या मातीच्या बारीक छिद्रांतून बाहेर येतं, वैशाखाच्या कोरड्या वाऱ्यावर त्याची वाफ होते, आणि वाफ व्हायला लागणारी उष्णता ते उरलेल्या पाण्यातूनच ओढून घेतं. १ लिटर पाणी असं उडालं की साधारण २,४०० किलोज्यूल उष्णता सोबत नेतं. एवढी उष्णता काढून घेतली तर पंचावन्न-साठ लिटर पाणी १० अंशांनी थंड होईल. नांदगावच्या उन्हात माठ मुंबईपेक्षा गार का, याचं उत्तर त्या कोरड्या हवेत आहे. जिथे हवा आधीच भिजलेली, तिथे पाणी उडणार कुठे?

आज ज्या पदार्थांना शीतक म्हणतात आणि मेकॅनिक ज्यांना नुसतं 'गॅस' म्हणतो, त्या सगळ्यांचं काम हेच: उडायचं आणि उडताना उष्णता न्यायची. फरक एवढाच की रांजणातलं उडालेलं पाणी परत येत नाही आणि फ्रिजमधला गॅस नळीत कोंडलेला असतो. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, मागच्या जाळीत तो उष्णता बाहेर टाकून पुन्हा द्रव होतो, बारीक कॅपिलरीतून पलीकडे सुटतो, उकळतो आणि पुन्हा आतली उष्णता उचलतो. शीतकांना क्रमांक देण्याची जी पद्धत जगभर चालते, तिच्यात पाण्यालाही क्रमांक आहे: आर-७१८. सातशे ही अकार्बनी पदार्थांची मालिका आणि १८ हे पाण्याच्या रेणूचं वजन. दोन हायड्रोजन, एक ऑक्सिजन. गळलं तर जमीन ओली होते, दुसरं काही होत नाही.

पण या पाण्याने बर्फ होत नाही. त्याला साध्या हवेत १०० अंशांना उकळायची सवय. शून्याखाली नेणारा गॅस हवा असेल तर तो स्वतः शून्याच्या बऱ्याच खाली उकळणारा हवा. तसा पदार्थ हाती येईपर्यंत बर्फ जहाजाने येत होता. अमेरिकेत बॉस्टनजवळची तळी हिवाळ्यात गोठली की बर्फाच्या लाद्या कापायच्या, लाकडाच्या भुशात दाबून गलबतात भरायच्या आणि निम्म्या पृथ्वीला वळसा घालून आणायच्या. फ्रेडरिक ट्यूडर नावाच्या व्यापाऱ्याचा असा बर्फ १८३३ मध्ये कोलकात्याला उतरला आणि पाठोपाठ मुंबईकरांनाही मिळू लागला. त्या लाद्यांमधली एकही इथवर, या रांजणांपर्यंत, टिकण्यासारखी नव्हती.

पाणी पिऊन झालं? चला, पंचाहत्तर वर्षं पुढे.

*

१९६५ च्या सुमाराला जिल्ह्यातल्या कुठल्याही बर्फाच्या कारखान्याच्या दारात उभे राहा. आधी वास येतो. नाकाच्या शेंड्यातून मेंदूपर्यंत सुई जावी असा, डोळ्यांत पाणी आणणारा वास. "घाबरू नका, पॅकिंगमधून थोडा झिरपतोय," ऑपरेटर म्हणतो. त्याला याची सवय आहे. तुम्हाला खोकला आवरत नाही.

हा अमोनिया. एक नायट्रोजन, तीन हायड्रोजन. रेणूचं वजन १७, म्हणून क्रमांक आर-७१७. साध्या हवेत तो उणे ३३ अंशांना उकळतो. जर्मनीत कार्ल फॉन लिंडे यांनी १८७० च्या दशकात त्याला कॉम्प्रेसरमध्ये घातलं, ते मुख्यतः बीअर गाळणाऱ्यांसाठी. तिथून हा गॅस जगभरच्या बर्फाच्या कारखान्यांत पोचला. पुण्यात हडपसरला १९५८ मध्ये सुरू झालेल्या किर्लोस्कर न्यूमॅटिकसारख्या कंपनीने अमोनियाचे कॉम्प्रेसर इथल्या इथे बनवले, आणि बर्फ, दूध, मासळी या धंद्यांना देशी यंत्रं मिळाली.

आत जमिनीच्या पातळीला लाकडी झाकणांचा एक मोठा हौद आहे. झाकण उचललं की खाली खारं पाणी संथ फिरताना दिसतं. मीठ असल्याने ते शून्याखाली जाऊनही गोठत नाही. त्याच्या तळातून अमोनियाच्या लोखंडी नळ्या जातात आणि वर पत्र्याचे उंच साचे गोड्या पाण्याने भरून उभे बुडवलेले असतात. प्रत्येक साच्यात हवेची एक बारीक नळी बुडबुडे सोडत राहते, म्हणजे लादी काचेसारखी नितळ होते. नळी वेळेआधी काढली तर मधोमध पांढरा गाभा राहतो. लादी धरायला दिवसरात्र जाते. मग साचा क्रेनने उचलून क्षणभर साध्या पाण्यात बुडवतात, लादी सुटते आणि घसरत बाहेर येते. पोतं टाकलेली हातगाडी तयारच असते.

तुम्ही नळ्यांकडे नीट पाहिलंत? तांबं कुठेच नाही. अमोनिया ओलाव्यासोबत तांबं आणि पितळ खातो, म्हणून इथे सगळं लोखंड आणि पोलाद. ही बारीकशी गोष्ट पुढच्या सगळ्या कहाणीला वळण देते. घरगुती फ्रिजचा कॉम्प्रेसर बंद डब्यात असतो आणि त्याची तांब्याची तार गुंडाळलेली मोटर गॅसमध्येच फिरते. तिथे अमोनिया चालत नाही. शिवाय स्वयंपाकघरात गळला तर घर रिकामं करायची वेळ येते.

ऑपरेटर तुम्हाला गळती शोधायची रीत दाखवतो. गंधकाची कांडी पेटवून तो जोडाजोडावरून फिरवतो. एका फ्लँजपाशी धूर एकदम दाट पांढरा होतो. गळती तिथे. तोंडाला ओलं फडकं बांधून तो पाना लावतो. अमोनिया पाण्यात झटकन विरघळतो म्हणून ओलं फडकं. या माणसाला गॅसचं रसायनशास्त्र कुणी फळ्यावर शिकवलेलं नाही, पण ते त्याच्या हातात आहे. मला अमोनियाबद्दल आदर वाटतो. तो माणूस मारू शकतो आणि मारतोही, पण सांगून येतो. हवेत थोडा जरी मिसळला तरी नाक ओरडून सांगतं. आणि निसटला तर ना ओझोनला धक्का, ना पृथ्वीच्या तापमानात भर. त्याचा सगळा धोका कारखान्याच्या चार भिंतींत, त्या ऑपरेटरच्या फुप्फुसांपाशी राहतो.

*

याच कारखान्याच्या मागच्या दाराने १९२८ सालच्या अमेरिकेत बाहेर पडा. शहर डेटन, राज्य ओहायो. इथे घराघरांत फ्रिज शिरायला लागलेत आणि त्यांत भरलंय काय? काहींत सल्फर डायऑक्साइड, म्हणजे गंधक जाळल्यावर जो ठसका लागतो तोच वायू. ओलावा मिळाला की त्याचं आम्ल होतं. काहींत मिथाइल क्लोराइड: एक कार्बन, तीन हायड्रोजन, एक क्लोरीन. त्याला वास जवळजवळ नाही. रात्री नळी गळली तर झोपलेल्या माणसाला कळतच नाही, आणि तशी माणसं मेलीही.

थॉमस मिजली हा इंजिनिअर आणि त्याचे सहकारी अशा पदार्थाच्या शोधात आहेत जो पेटणार नाही, विषारी नसेल आणि हव्या तेवढ्या थंडीत उकळेल. ते मूलद्रव्यांच्या तक्त्यावर बोट फिरवत उजव्या कोपऱ्यात फ्लोरीनपाशी पोचतात. फ्लोरीन एकटा असताना भयंकर, पण कार्बनशी त्याचं बंधन असं घट्ट की एकदा जुळलं की सहसा सुटत नाही. प्रयोगासाठी अँटिमनी ट्रायफ्लोराइड लागतं. ते मिळतं जेमतेम पाच छोट्या बाटल्या. एका बाटलीतून पहिला नमुना तयार होतो, काचेच्या घंटेखाली गिनिपिग ठेवतात, आणि तो मजेत श्वास घेत राहतो. दुसऱ्या बाटलीतून केलेला नमुना मात्र त्याला मारतो. उरलेल्या चारही बाटल्यांत ओलावा धरणारी भेसळ होती आणि तिच्यामुळे फॉस्जीन तयार होत होतं, पहिल्या महायुद्धात सैनिकांना मारणारा वायू. पहिल्यांदा हाताला चांगली बाटली लागली, हा निव्वळ योग. दुसरी लागली असती तर कदाचित त्यांनी त्याच दिवशी हा नाद सोडला असता.

१९३० मध्ये अटलांटा शहरात रसायनशास्त्रज्ञांच्या सभेत मिजली त्या नव्या गॅसचा श्वास छातीभर घेतो आणि फुंकर घालून मेणबत्ती विझवतो. एका फुंकरीत दोन सिद्धता: विषारी नाही, पेटत नाही. तुम्ही मागच्या रांगेत बसून टाळ्या वाजवताय, आणि मी तुम्हाला अडवणार नाही. त्या सभेत बसलेल्या कुणालाही टाळ्या वाजवाव्याशाच वाटल्या असत्या. मिथाइल क्लोराइडने मेलेल्यांची आठवण ताजी होती.

हा गॅस म्हणजे आर-१२, फ्रीऑन. मिथेनचा रेणू घ्या: मधे कार्बन, भोवती चार हायड्रोजन. चारही हायड्रोजन काढून दोन जागी क्लोरीन आणि दोन जागी फ्लोरीन बसवा. जळण्यासाठी हायड्रोजनच उरला नाही. तांब्याला तो काही करत नाही, तेलात सहज मिसळतो, उणे ३० अंशांच्या आसपास उकळतो. फ्रिजसाठी याहून सोयीचं काही सुचवता आलं नसतं. त्याचं सर्वांत मोठं कौतुक एकच होतं, तो कशाशीच झटत नाही. आणि हेच कौतुक आपल्याला पुढे भोवणार आहे.

*

नांदगाव, २८ जून १९७४. रेल्वेचा संप मिटून महिना झालाय, मनमाडच्या वर्कशॉपमधली माणसं कामावर परतलीत, पावसाची वाट बघणं चालू आहे. गल्लीतल्या डॉक्टरांकडे फ्रिज आहे. भारतात बनलेले फ्रिज बाजारात येऊन फार वर्षं झालेली नाहीत. गोदरेजने १९५८ मध्ये सुरुवात केली. डॉक्टरांचा फ्रिज इंजेक्शनांसाठी म्हणून घेतलेला, पण उन्हाळाभर शेजारची मुलं पातेली घेऊन येतात: "काकू, बर्फ आहे का? पाहुणे आलेत." काकू ट्रे पाण्याखाली धरून खडे मोकळे करतात आणि कुणालाच नाही म्हणत नाहीत. आज मात्र त्या दारातच सांगतात, "गॅस गेलाय बाई. मेकॅनिक बोलावलाय."

मेकॅनिक मनमाडहून आलाय. सोबत छोटं सिलिंडर, त्यावर नाव मॅफ्रॉन. मफतलाल समूहाने १९६७ मध्ये सुरतेला हा गॅस बनवायला घेतला, तेव्हापासून तो परदेशातून मागवायची गरज कमी झाली. मेकॅनिक पाठीमागच्या नळ्यांवर साबणाचा फेस लावतो. एका वळणाशी बुडबुडा फुगतो, फुटतो, पुन्हा फुगतो. खात्री करायला तो हॅलाइड टॉर्च पेटवतो. ज्योत निळी. टॉर्चची रबरी नळी त्या वळणापाशी नेली की ज्योतीवरचं तांबं आणि गॅसमधला क्लोरीन भेटतात आणि ज्योत हिरवी होते. पुढच्या खोलीतली पोरं ते बघायला दारात गर्दी करतात. "लांब व्हा रे, धूर घेऊ नका," तो म्हणतो, आणि बरोबर म्हणतो. ज्योतीत मोडलेला हा गॅस विषारी होतो.

मग तो नळीत उरलासुरला गॅस मोकळा सोडतो. फुस्स. जोड झाळतो. नळीतली हवा बाहेर काढायला सिलिंडरमधला थोडा गॅस आतून मारतो आणि तोही दुसऱ्या टोकाने सोडून देतो. फुस्स. सगळे मेकॅनिक तसंच करतात, कारण शिकवणाऱ्याने तसंच शिकवलं. शे-दीडशे ग्रॅम गॅस भरून होतो. डॉक्टर विचारतात, "हा जो सोडलात, त्याने काही अपाय नाही ना?" मेकॅनिक हसतो. "नाही साहेब. याला वास नाही, विष नाही. हवेत जातो."

तो खरं बोलतोय. आणि अगदी आजच्याच तारखेला 'नेचर' या नियतकालिकात मारिओ मोलिना आणि शेरवुड रोलंड यांचा लेख छापून आलाय, ज्यात हाच प्रश्न आहे: हवेत जातो म्हणजे कुठे जातो?

उत्तर शोधायला तुम्हाला त्या 'फुस्स'बरोबर निघावं लागेल. गॅस हवेपेक्षा जड आहे, पण वारा त्याला खाली बसू देत नाही. वर्ष-दोन वर्षांत तो पृथ्वीभर सारखा पसरतो. पाऊस त्याला धुऊन काढत नाही, झाडं घेत नाहीत, ऑक्सिजन त्याला जाळत नाही. जो कशाशीच झटत नाही त्याला अडवणार कोण? अनेक वर्षांनी तो ओझोनच्या थरात पोचतो आणि तिथल्या तीव्र अतिनील किरणांनी त्याचा एक क्लोरीन अखेर तुटतो. सुटा क्लोरीन ओझोनच्या तीन ऑक्सिजनांपैकी एक हिसकावतो, थोड्या वेळाने तो दुसऱ्या सुट्या ऑक्सिजनला देऊन टाकतो आणि स्वतः पुन्हा मोकळा. पुढचा ओझोन. एकेक क्लोरीन असे लाखभर रेणू मोडू शकतो. सरासरी शंभर वर्षं टिकणारा गॅस आहे हा. डॉक्टरांच्या फ्रिजमधल्या त्या फुस्सचा बराच भाग या क्षणीही वर आहे.

नांदगावच्या डोक्यावरचा ओझोन मात्र फारसा विरळ झाला नाही. उष्ण कटिबंधात तसं घडत नाही. खड्डा पडला तो दक्षिण ध्रुवावर, जिथल्या हिवाळ्यात आकाशात बर्फाचे ढग बनतात आणि त्यांच्या पृष्ठभागावर क्लोरीन मोकळा व्हायला सोपं जातं. १९८५ च्या मे महिन्यात जोसेफ फार्मन, ब्रायन गार्डिनर आणि जॉनथन शँकलिन या ब्रिटिश संशोधकांनी हॅली इथल्या तळावरच्या नोंदी छापल्या: दर वसंतात तिथला ओझोन झपाट्याने घटतोय. मिथाइल क्लोराइड झोपलेल्या माणसाला त्याच्या घरात मारत होता. आर-१२ने तोच धोका उचलून अशा ठिकाणी नेला जिथे तो बघायला कुणी शेजारी नव्हता. घरातला धोका कमी झाला हे खरंच. पण मला वाटतं, शीतकांचा सगळा इतिहास वाचताना हाच प्रश्न हातात धरून चालावं लागतं: रेणूत एक अणू बदलला की धोका कुणाच्या दारात जाऊन बसतो?

१६ सप्टेंबर १९८७ ला माँट्रिअलमध्ये ओझोन मोडणारे गॅस आवरण्याचा करार झाला. भारत त्यात १९९२ मध्ये शिरला, गरीब देशांना नवं तंत्रज्ञान घेण्यासाठी निधी उभारण्याचं १९९० मध्ये ठरल्यानंतर. आधी निधी, मग सही या आग्रहात मला काही वावगं वाटत नाही. अख्ख्या आळीत एक फ्रिज असलेल्या नांदगावने अमेरिकेतल्या घराघरांतल्या फ्रिजांचा भुर्दंड का भरावा? भारतात आर-१२सारख्या क्लोरोफ्लोरोकार्बनचं उत्पादन १ ऑगस्ट २००८ ला थांबलं, ठरल्या मुदतीच्या आधी. ओझोन सावरतोय. जगातल्या सगळ्या देशांनी सही केलेला करार आणि तो पाळलाही गेलेला, असं फार थोड्या वेळा घडलंय.

*

आता यंदाच्या मे महिन्यात या. नांदगावात दुपारी बाहेर पडवत नाही. स्टेशनरोडच्या बाजूला एक गाळा आहे, अर्ध्या शटरखाली उघडे पडलेले एसी, उलटे ठेवलेले फ्रिज, तांब्याची वेटोळी. मालक पन्नाशी पार केलेला. सगळे त्याला नाना म्हणतात, तुम्हीही म्हणा.

भिंतीला सिलिंडरं उभी आहेत आणि नाना त्यांना आकड्यांनीच हाक मारतो. "बावीस दे रे. नाही, ते एकशे चौतीस. बावीस." हे आकडे वाचता येतात, नानाला वाचता येतात. बावीसमधला शेवटचा २ म्हणजे दोन फ्लोरीन. आधीचा २ म्हणजे एक हायड्रोजन, कारण तिथे हायड्रोजनमध्ये एक मिळवून लिहितात. त्याच्याही आधी शून्य धरायचा, म्हणजे एक कार्बन, कारण तिथे कार्बनमधून एक वजा करतात. कार्बनला हात चार; एकावर हायड्रोजन, दोनांवर फ्लोरीन, उरलेल्यावर क्लोरीन. झाला आर-२२. हायड्रोजन असल्याने तो बराचसा खालच्या हवेतच मोडतो आणि ओझोनला आर-१२च्या मानाने पाच-सहा टक्केच इजा करतो. पण करतो, म्हणून त्यालाही निरोप द्यायचा आहे.

एकशे चौतीस ए: दोन कार्बन, दोन हायड्रोजन, चार फ्लोरीन. क्लोरीन नाही, ओझोनचा प्रश्नच मिटला. नाना सांगतो की हा आला तेव्हा त्याची सर्वांत मोठी अडचण तेलाची झाली. "बाराचं तेल याला चालत नाही. मिसळतच नाही, कॉम्प्रेसर कोरडा पडतो. नवीन तेल लागतं, आणि ते उघडं ठेवलं की हवेतला ओलावा पितं. व्हॅक्यूम नीट मारला नाही तर महिन्यात कॅपिलरी चोक." ज्यांना हे कुणी सांगितलं नाही त्यांनी जुन्या फ्रिजमध्ये सरळ नवा गॅस भरला, आणि गिऱ्हाईक मेकॅनिकला बोलले.

एकशे चौतीस वर गेला की काय होतं? ओझोनचं काही नाही, पण उष्णता अडवून धरतो. शंभर वर्षांच्या हिशोबात १ किलो म्हणजे १,४३० किलो कार्बन डायऑक्साइड. एसीतला चारशे दहा, जो बत्तीस आणि एकशे पंचवीस यांचं निम्मं-निम्मं मिश्रण असतो, त्याचा १ किलो म्हणजे २,०८८ किलो. मिश्रणाचं प्रमाण बिघडू नये म्हणून नाना चारशे दहाचं सिलिंडर उलटं धरून द्रवरूपातच भरतो. नव्या एसीत बहुधा नुसता बत्तीस: एक कार्बन, दोन हायड्रोजन, दोन फ्लोरीन, आणि त्याचा आकडा ६७५. कमी, पण शून्य नव्हे. आणि फ्लोरीनच्या मानाने हायड्रोजन वाढल्याबरोबर पेटण्याचा गुणही थोडा परत आलाय. बाहेर ४२ अंश, म्हणून एसी. एसीतून निसटतो तो गॅस बाहेरचे अंश वाढवतो. या चक्रात नांदगाव दोन्ही टोकांना आहे.

"आणि हा बघा," नाना एका नव्या फ्रिजची पाठ दाखवतो. पिवळ्या त्रिकोणात ज्योतीचं चिन्ह, खाली आर-६०० ए. हा आयसोब्युटेन: चार कार्बन, दहा हायड्रोजन, ना क्लोरीन, ना फ्लोरीन. तापमानवाढीच्या हिशोबात नगण्य. त्याचं सख्खं भावंड कोण, ते मनमाडजवळच्या पानेवाडीला बघून या, जिथे इंधन डेपोंसमोर टँकरांच्या रांगा लागतात. घरच्या स्वयंपाकाचा गॅस म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेनच. प्रोपेनलाही शीतकांत क्रमांक आहे, आर-२९०. सातारा जिल्ह्यातल्या शिरवळला गोदरेजने २०१२ पासून प्रोपेनवर चालणारे घरगुती एसी बनवले, आणि ते चालतात.

नाना हा फ्रिज भरायला घेतो तेव्हा आधी पंखा लावतो, खिडकी उघडतो, आणि टपरीवरून विडी ओढत आलेल्या पोराला दाराबाहेर काढतो. नळीत नायट्रोजन फिरवल्याशिवाय तो ज्योत लावत नाही. मग सिलिंडर डिजिटल काट्यावर ठेवतो आणि सोनार तोळा बघतो तसा आकडा बघत व्हॉल्व्ह एकेक वळसा सोडतो. पंचेचाळीस ग्रॅम. जास्त नको, कमी नको. "साहेब, बाराच्या काळात हातानं अंदाज चालायचा. आता काट्याशिवाय हात लावू नये."

हे इथे थांबून सांगायलाच हवं: घरचा सिलिंडर लावून फ्रिज भरून देतो म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. त्यात प्रोपेन-ब्युटेनचं प्रमाण ठरलेलं नसतं, ओलावा असतो, वासासाठी घातलेलं गंधकाचं संयुग असतं, आणि मूळचा जो फ्रिज या गॅससाठी बनलाच नाही त्याच्या स्विचची ठिणगी उघडी असते.

म्हणजे फिरून आपण कुठे आलो? धोका ध्रुवावरून आणि आकाशातून उचलून पुन्हा घरात आणला, पण या वेळी जाणूनबुजून, मोजून, पन्नास ग्रॅमांच्या आत. मला हे बरोबर वाटतं. जो धोका आपल्या डोळ्यांसमोर आहे आणि ज्याला काटा, पंखा आणि शिकलेला हात आवरू शकतो, तो कुण्या दूरच्या माणसाच्या किंवा अजून न जन्मलेल्याच्या गळ्यात बांधण्यापेक्षा आपणच घ्यावा. पण मग तो शिकलेला हात नानाचा आहे, आणि त्याला शिकवायचा, काटा-पंप घ्यायचा खर्च कंपन्यांनी आणि सरकारने उचलला पाहिजे. हा माल विकून नफा कमावणाऱ्यांची जबाबदारी दुकानाच्या पायरीवर संपत नाही.

दुसरी वाट फ्लोरीनवाल्यांनी काढलीच आहे. गाड्यांच्या एसीत आलेला १२३४ वायएफ: तीन कार्बन, दोन हायड्रोजन, चार फ्लोरीन, मधे एक दुहेरी बंध. तो हवेत काही दिवसांत मोडतो, त्यामुळे उष्णतेचा आकडा एकाहून कमी. मोडल्यावर मात्र त्याचं ट्रायफ्लोरोअॅसेटिक आम्ल होतं, ते पावसाबरोबर खाली येतं आणि पाण्यात तसंच साठत राहतं, कारण कार्बन-फ्लोरीनचं ते घट्ट बंधन निसर्गाला सहजी सोडवता येत नाही. ज्या तालुक्यात प्यायचं पाणी टँकरने येतं, ज्याच्या हद्दीत गिरणा धरण आहे, त्या तालुक्याने तरी या पाण्याची चौकशी आधी करावी.

*

शेवटचा मुक्काम पुढे नाही, गावाबाहेरच्या भंगाराच्या वाड्यात आहे. माँट्रिअलच्या कराराला जोडून किगालीला २०१६ मध्ये ठरलं आणि भारताने २०२१ मध्ये मान्य केलं, त्याप्रमाणे एकशे चौतीस, चारशे दहा, बत्तीस असे फ्लोरीनवाले गॅस २०३२ पासून टप्प्याटप्प्याने कमी करत २०४७ पर्यंत ८५ टक्क्यांनी घटवायचे आहेत. पण कागदावर घटतं ते नवं उत्पादन आणि नवा वापर. आधीच भरून ठेवलेला गॅस या वाड्यात येतो.

समोर एक जुना दीड टनी एसी पालथा पडलाय. कुठल्यातरी लॉजमधून आलेला, आत अजून बावीस आहे. पोरगा तांब्याची नळी करवतीने कापायच्या तयारीत. तांब्याला भाव आहे, ॲल्युमिनियमला भाव आहे, कॉम्प्रेसरच्या लोखंडालाही आहे. आत कोंडलेल्या किलोभर गॅसला भाव नाही, म्हणून तो फुस्स करून जातो, आणि त्या एका फुस्सबरोबर १,८१० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवणारं काहीतरी वर निघतं. नानाकडे गॅस ओढून घ्यायचं यंत्र आहे, रिकामं सिलिंडरही आहे. कुणी बोलावत नाही, कारण बोलावलं तर मजुरी पडते.

तुम्ही म्हणता, "भाऊ, थांबा. आधी यातला गॅस काढून घ्या."

वाड्याचा मालक हिशोबाच्या वहीतून मान वर करतो. "काढू की. पण त्याचे पैसे कोण देणार?"

"तांब्याच्या भावातून वळते करा. निम्मे मी देतो. नानांना फोन लावा."